जेमायमाची पहार

मित्रांनो, पहार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे खड्डे खणणारी, दगड उपटणारी माझी भावंडं येतील. त्यांची आणि माझी जात वेगळी. मी बर्फावर आपटायची पहार आहे. गोठलेल्या पाण्यावर पाय टाकण्याआधी मला टाकायचं, मी काय आवाज देते तो ऐकायचा आणि मगच पाऊल उचलायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. माझं पातं दीड हात लांब, पुढे धार, मागे खोबण. त्या खोबणीत तीन हातांचा लाकडी दांडा असायचा. आता अंगावर गंज आहे. स्वभाव तर पहिल्यापासूनच खरखरीत, तेव्हा माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

कॅनडाच्या उत्तरेकडे सिपीसिस नावाचं, क्री या मूळनिवासी लोकांचं गाव आहे. मी तिथलीच. त्या काळी हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवरून ट्रॅक्टर सामान ओढून आणायचे. त्यातला एक गावाबाहेर मोडून पडला, तो पडलाच. ॲबसलोम नावाच्या मासेमाराने त्यातला एक पोलादी दांडा काढला आणि चार दिवस भट्टीत तापवून, ठोकून मला घडवलं. भाता ओढायला त्याची अकरा वर्षांची मुलगी होती, जेमायमा. मला पहिल्यांदा पाण्यात बुचकळलं तेव्हा मी अशी चरचरले की पोरगी घाबरून मागे सरली. मग हसायला लागली.

"बाबा, ही भांडखोर आहे."

"मग तुझ्याशी पटेल तिचं," ॲबसलोम म्हणाला.

आणि खरंच पटलं. बापाच्या छातीने दगा दिला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्या हिवाळ्यापासून मी तिच्या हातात आले. बर्फाला भोक पाडायचं, खालून जाळं सरकवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा भोक मोकळं करून मासे काढायचे. उणे तीस अंशांत दोन्ही हात पाण्यात घालून ती जाळं ओढायची आणि वर गाणं म्हणायची. मासे चांगले लागले की माझ्या दांड्याला थोपटायची. तेवढं कौतुक मला पुरायचं.

जेमायमाचे कान म्हणजे कान! धड बर्फावर मी 'ठण्ण' वाजते. भिजलेल्या बर्फावर 'थप्प'. आणि पोकळ बर्फावर 'ढब', पिंप रिकामं असावं तशी. या तीन आवाजांच्या मधलेही वीसेक आवाज आहेत, ते सगळे तिला यायचे. नोव्हेंबरात सरोवर नुकतं गोठलं की गावाची पहिली वाट तीच पाडायची. बाकीचे तिच्यामागून, तिच्या पावलांत पाऊल टाकून चालायचे. आणि मुकाट्याने. पुढे चालणाऱ्याला मागून काही सांगायचं नाही, ही इथली रीत. एरवीही हे लोक एकमेकांना 'असं कर, तसं करू नकोस' म्हणत नाहीत. ज्याचं त्याला कळतं, असं धरून चालतात. वडीलधाऱ्या माणसाला तर नाहीच नाही. त्याला शिकवायला जाणं म्हणजे त्याचा चारचौघांत अपमान.

मलाही ही रीत पटायची. पुढे चालणाऱ्याचे कान शाबूत होते तोवर पटायची.

मग आमच्या सरोवरातून वाहणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला धरण झालं. तिथे कुणीतरी दारं उघडतो, मिटतो, आणि इथे बर्फाखालचं पाणी एका दिवसात हातभर उतरतं. वरचा बर्फ अधांतरी लटकत राहतो. वरून बघाल तर निळाशार, घट्ट, अगदी पाहुण्याला दाखवावा असा. खाली मात्र पोकळी. नदी पाठ असलेली दोन चांगली माणसं पहिल्याच हिवाळ्यात अशी गेली. नदी पाठ होती म्हणूनच गेली. तेव्हापासून डोळ्यांवर कुणी भरवसा ठेवीना. सगळा भार कानांवर, म्हणजे माझ्यावर आणि जेमायमावर आला.

पुढे बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाईल गाड्या आल्या. बर्फाला भोक पाडायला पेट्रोलवर चालणारं गिरमिट आलं. दहा सेकंदांत भोक, आणि आवाज असा की मासे पार पलीकडच्या प्रांतात जावेत! मी मागच्या पडवीत पडले. एका वर्षी कुणीतरी मला घेऊन पायऱ्यांवरचा बर्फ खरवडला. एका वर्षी मला कुत्र्याची साखळी बांधली. मित्रांनो, अपमान गिळायलाही ताकद लागते. पण दर नोव्हेंबरात, पहिले पंधरा-वीस दिवस, बर्फ यंत्राचं वजन घेत नसतो. तेवढ्यापुरती जेमायमा यायची, माझी धार दगडावर घासायची आणि मला घेऊन निघायची.

मग अशाच एका नोव्हेंबरात तिने मला आपटलं. मी 'थप्प' वाजले. ती थांबली. पुन्हा आपटलं. मी पुन्हा 'थप्प'. तिने टोपी वर करून कान मोकळा केला आणि तिसऱ्यांदा आपटलं. मग ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला सगळं कळलं आणि माझ्या पोलादात कळ उठली. तिला ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी ती काठाकाठानेच फिरून घरी गेली, आणि कुणालाही काही बोलली नाही. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं जुळवून घ्यायची.

का बोलली नाही, ते सांगते. सरोवराच्या पलीकडे 'जाळ्यांचं टोक' नावाची जागा आहे. तीन बाजूंना पाणी, मागे दलदल. जेमायमाचा जन्म तिथलाच, कारण पूर्वी अख्खं गाव उन्हाळाभर तिथे मासेमारीला असायचं. गावाच्या कबरीही तिथे. एका साली गोवर आला तेव्हा अकरा माणसं तिथे पुरली. त्यांत जेमायमाची आई होती. आणि जेमायमाची लेक एस्टर होती, दोन वर्षांची, नुकतीच बोलायला लागलेली. लाकडी क्रूस कधीच कुजून गेले. वर झुडपं माजली. कोण कुठे झोपलंय, हे सांगू शकेल असं एकच माणूस आता उरलं होतं, जेमायमा. कान गेल्याचं गावाला कळलं, तर बर्फावरून तिथवर तिच्या मागून कुणी येणार नाही, ही तिची भीती.

आणि ते टोक गावाच्या राखीव जमिनीत नव्हतं! जेमायमाच्या आजोबांच्या काळात सरकारने करार केला, तेव्हा मोजणीवाले साखळ्या घेऊन आले ते भर उन्हाळ्यात. गाव होतं टोकावर. यांनी रिकामी घरं मोजली, त्यांच्याभोवती रेघ मारली आणि निघून गेले. जिथे माणसं होती तीच जागा रेघेबाहेर राहिली. काय म्हणावं या अकलेला?

इतक्या वर्षांनी सरकारने मान्य केलं की जमीन कमी दिली, ती भरून देऊ. पण त्याला मुदत घातली. तीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत टोकावर हद्दीची खूण रोवायची, कबरी कुठे आहेत ते जाणत्या माणसाने जागेवर उभं राहून दाखवायचं आणि मोजणीदाराने ते आकडे कळवायचे. नाही जमलं तर ते टोक दुसऱ्या अर्जदाराकडे जाणार होतं. त्याला तिथे शहरवाल्यांसाठी सुट्टीतले बंगले बांधायचे होते. नकाशाही तयार होता. एस्टरच्या डोक्यावर बोटी लावायचा धक्का येत होता.

मोजणीदार आला तोच उशिरा. हॅल्वर्सन नावाचा तरुण, सालस मुलगा. हेलिकॉप्टरने पलीकडे जायचं ठरलं होतं. पण धुकं असं दाटलं की चार दिवस हेलिकॉप्टर जागचं हललं नाही. तीस तारीख उजाडली तरी धुकं तसंच. व्हर्ना खिडकीपाशी उभी राहून नखं खात होती. व्हर्ना म्हणजे जेमायमाच्या बहिणीची मुलगी. गावच्या कौन्सिलवर निवडून आलेली, आणि हे टोक मिळवण्यासाठी सहा वर्षं कागदांशी झगडलेली.

"बाराशे पावलं तर आहेत," जेमायमा बूट बांधत म्हणाली. "चालत जाऊ."

"बर्फ किती आहे, मावशी?" व्हर्नाने तिच्यासमोर येऊन विचारलं.

"चार बोटं. माणसाला पुरे आहे."

कोपऱ्यात गिडियन चहा पीत होता. तो जेमायमाचा धाकटा दीर. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. क्री लोकांत दीर-भावजयीचं नातं चेष्टेचं. त्यांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, कुणी रागावायचं नाही. उलट बोलले नाहीत तर लोक विचारतात, भांडण झालं की काय?

"माणसाला पुरे आहे, पण ह्याला?" गिडियनने हॅल्वर्सनकडे हनुवटी केली. "चार दिवस बॅनक रोटी हाणतोय. बर्फाला आधी विचारलं पाहिजे."

"भावजी, तुम्ही कशाला येताय?" जेमायमा म्हणाली. "समोरचं अस्वल तुम्हाला नातेवाईक वाटतं."

"नातेवाईकच होतं ते. तुझ्या माहेरचं."

सगळे हसले. गिडियनने कोट चढवला. आणि मी पडवीतून बाहेर आले, त्या दोघांच्या मधे, आणि मला एकटीलाच घाम फुटला होता.

साडेबाराला आम्ही बर्फावर उतरलो. पुढे जेमायमा आणि मी. तिच्यामागे गिडियन, मग पाठीवर यंत्राची पिशवी घेतलेला हॅल्वर्सन. शेवटी व्हर्ना, घसरगाडी ओढत. गाडीवर दोन लोखंडी खुंट, हातोडा आणि खाण्याचं सामान होतं. गाडीची दोरी तिने छातीवरून आडवी घेतली होती, इथे सगळे घेतात तशी. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. अलीकडचाही थोड्या वेळाने दिसेनासा झाला.

पहिली पाचशे पावलं ठीक होती. ठण्ण, पाऊल. ठण्ण, पाऊल. जेमायमा बर्फाचा रंग बघत होती, भेगा बघत होती, हातातल्या झटक्यावरूनही काही ओळखत होती. पण सांधेदुखीने बोटं आखडलेली, वर जाड हातमोजे. तो झटका तरी तिच्यापर्यंत किती पोचत असणार?

सहाशेच्या पुढे मुख्य प्रवाह लागतो. तिथे मी वाजले, 'ढब.'

ती पुढे गेली.

ढब! अगं, थांब! मी जीव तोडून वाजले. माझ्या खाली बर्फ होता, बर्फाखाली नुसती हवा होती, आणि त्या हवेच्या खाली काळं पाणी वाहत होतं. आदल्या रात्री धरणाची दारं मिटली असणार. जेमायमाने पाऊल टाकलं, ओठ घट्ट मिटले आणि मला पुन्हा उचललं. तिचा चेहरा मला दिसत होता. ती एस्टरकडे चालली होती. तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

ढब. पाऊल. ढब. पाऊल.

मागे गिडियनची चाल मंदावली. डोळे गेलेले, पण कान घुबडाचे. त्याने पहिलाच 'ढब' ऐकला होता. तरी तो गप्प! पुढच्याला सांगायचं नाही ना. दहा पावलं तो गप्प राहिला. मित्रांनो, मी भट्टीत तापले आहे, थंड पाण्यात बुचकळले आहे, पण त्या दहा पावलांइतका जाच मला कधी झाला नाही. एका माणसाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला ऐकू येऊन बोलता येत नव्हतं. तिसरा परका, तो या सगळ्यांच्या भरवशावर. आणि चौथी व्हर्ना, तिच्या पावलांखाली मघापासून बारीक भेगा पडत होत्या. ते तिला दिसत होतं. तीही गप्प.

शेवटी गिडियनने घसा साफ केला.

"वहिनी," तो मोठ्याने म्हणाला, "तुझी ही पहार आज फार कुरकुरतेय. मला वाटतं, नवऱ्याशी भांडून आलीय."

जेमायमा चालतच होती. तिने ऐकलंच नव्हतं.

गिडियन आणखी मोठ्याने ओरडला, "अगं ए म्हातारे! तुझे कान गेलेत हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे! तुझी किटली जळते तेव्हा शेजारणीला कळतं! आम्ही माणसंच तेवढी शहाण्यासारखी गप्प बसलोय! थांब, नाहीतर माशांना जेवण म्हणून पाठवशील आम्हाला!"

जेमायमा थांबली. हळूच मागे वळली. गिडियन हसत होता, कारण चेष्टा हसतच करायची असते.

"कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"दोन हिवाळे झाले."

"आणि बोलला नाहीस?" एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत होती.

"तू बोललीस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की लाजेचं, कोण जाणे. सहा दशकं गावाला पाण्यावरून नेलेली बाई, आणि तिला परक्या माणसासमोर हे ऐकावं लागलं. मला वाईट वाटलं. आणि गिडियनच्या पाया पडावंसंही वाटलं, पाय नव्हते म्हणून राहिलं.

"मावशी," मागून व्हर्नाचा आवाज आला. तो अगदी खोल गेला होता. "माझ्या पायाखालचा बर्फ तडकतोय. मघापासून तडकतोय."

जेमायमाला ते शब्द ऐकू आले नसावेत, पण भाचीचा चेहरा तिने वाचला. क्षणात ती पुन्हा जुनी जेमायमा झाली. "पांगा!" ती ओरडली. "एकमेकांपासून लांब व्हा! व्हर्ना, आडवी हो!" आणि ती स्वतः, एकोणऐंशी वर्षांची म्हातारी, पोटावर पडून मला पुढे सरकवत व्हर्नाकडे सरपटू लागली.

व्हर्ना गुडघ्यांवर आली तोच मागे 'कडाड' झालं. घसरगाडी बसली. आधी एक कोपरा, मग सगळीच, लोखंडासकट खाली. छातीवरची दोरी ताणली गेली आणि व्हर्ना पाठीवर आपटून त्या भोकाकडे ओढली जाऊ लागली. टाचा रोवते तर बर्फ गुळगुळीत. दोरी काढायला जाते तर ती काखेत रुतलेली. ओढली जाता जाता ती फिरली आणि तिचा एक पाय कडेवरून आत गेला. हॅल्वर्सन धावायला निघाला, तर गिडियनने त्याच्या कोटाची मागची बाजू दोन्ही हातांनी पकडली. "तू गेलास तर सगळेच जाऊ," तो म्हणाला.

जेमायमाने मला दोन्ही हातांत धरलं. उभं राहायला वेळ नव्हता, बर्फात ताकदही नव्हती. पडल्यापडल्याच तिने मला उचललं आणि व्हर्नाच्या खांद्यापासून चार बोटांवर दोरीवर मारलं. एकदा. दोरी अर्धी तुटली. व्हर्ना किंचाळली. दुसऱ्यांदा मारलं आणि दोरी तटकन तुटली. गाडी गेली. खुंट, हातोडा, चहाची किटली, सगळं गेलं. खालून पाण्याचा 'बुडुक' आवाज आला, तो क्षणभर उशिराने आला. इतकं खाली होतं ते पाणी.

तिने माझा दांडा व्हर्नाच्या हातात दिला आणि तिला इंचाइंचाने ओढून घेतलं. नंतर दोघी तशाच पडून राहिल्या, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ.

"बर्फ तडकत होता तेव्हाच का नाही सांगितलंस गं?" जेमायमा म्हणाली.

"तू पुढे होतीस," व्हर्ना रडत म्हणाली. "तुला कसं सांगणार?"

गिडियनने स्वतःचे कोरडे मोजे काढून व्हर्नाला दिले. हॅल्वर्सन पाठीवरची पिशवी घट्ट धरून त्या भोकाकडे बघत होता. "परत जाऊ या," तो म्हणाला. "खुंट गेले. संपलं सगळं. मला खरंच फार वाईट वाटतंय, आजी."

जेमायमाने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. परतीच्या वाटेवर आता भगदाड होतं. पुढे टोकाच्या बाजूला उथळ खडक आहेत, तिथे बर्फ खडकावर टेकलेला असतो, लटकत नाही. मधे उरली होती दीडशे पावलं. ती मात्र सगळी पोकळीवरची.

"भावजी," ती म्हणाली, "इकडे या. माझ्या बाजूला."

"पुढे? मी? मला तर तुझं नाकही दिसत नाही."

"माझं नाक बघायला नाही बोलावलं. ऐकायला बोलावलंय. मी मारते, मला रंग दिसतो. तुम्ही ऐका आणि मोठ्याने सांगा. चांगलं मोठ्याने. कुणाला लाज वाटत असेल तर ती त्या भोकात टाका."

अशी ती दीडशे पावलं झाली. तिने मला आपटायचं, गिडियनने मान वाकडी करून ऐकायचं आणि ओरडायचं. "नको! डावीकडे मार. नको! अजून डावीकडे. हां, चल!" बाराशे पावलांच्या त्या वाटेवर पुढच्याला मागून सांगितल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. आता सगळेच सांगायला लागले. व्हर्ना मागून म्हणाली, "मावशी, उजवीकडे भेग आहे." हॅल्वर्सनही भीत भीत म्हणाला, "मला वाटतं, इथे बर्फ जरा पांढरा आहे." गिडियन म्हणाला, "बघा, बॅनक रोटी अंगी लागली." कधी तीस पावलं मागे यावं लागलं, कधी एका जागी दहादहा वेळा मारावं लागलं. एकदा मी आरपार गेले आणि भोकातून निघालेली भेग जेमायमाच्या बुटांपर्यंत आली. कुणी हललं नाही. हळूहळू माझा आवाज बदलत गेला. आणि मग मी वाजले, 'ठण्ण!' माझ्या खाली खडक होता.

टोकावर पोचलो तेव्हा पावणेचार वाजले होते. उजेड तासाभराचा होता. तिथे काहीच नव्हतं, नुसता बर्फ आणि झुडपं. हॅल्वर्सनने केविलवाणं तोंड करून पाहिलं. जेमायमा एका मोठ्या खडकाला पाठ लावून उभी राहिली, डोळे मिटले, आणि पावलं मोजत चालायला लागली. सात पावलांवर थांबली. मला घेऊन वरचा बर्फ बाजूला केला. खाली जमिनीला लांबट खोलगट आकार होता. "ही माझी आई," ती म्हणाली. मग पुढे. "हा जोसाया. ही त्याची बायको. ही दोन भावंडं, एकातच ठेवली." एकेक करून दहा जणांची नावं तिने सांगितली. हॅल्वर्सन यंत्र धरून आकडे घेत होता आणि मधूनमधून बाहीला नाक पुसत होता. शेवटचा खोलगट भाग अगदी लहान होता. तिथे ती खाली बसली. हॅल्वर्सनने नाव विचारलं नाही, नुसता आकडा घेतला.

आता हद्दीची खूण. एका बाजूला तो मोठा खडक होता, त्यावर चिन्ह कोरून झालं. पण दुसऱ्या कोपऱ्याला नुसती गोठलेली दलदल. तिथे लोखंडी खुंट हवा, आणि खुंट सरोवराच्या तळाशी. घड्याळात साडेचार झाले होते.

"लाकूड रोवलं तर?" व्हर्नाने विचारलं.

"चालणार नाही. नियमात लोखंडी खूण म्हटलंय." हॅल्वर्सन थांबला. मग हळू म्हणाला, "कुठलं लोखंड, ते मात्र म्हटलेलं नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, खरं सांगते, मी घाबरले. मी पाण्याची, चालण्याची. एका जागी उभं राहणं मला माहीत नव्हतं. जेमायमाने मला मांडीवर घेतलं. हातमोजा काढला आणि उघड्या बोटांनी माझं पातं पुसलं. बोटं लोखंडाला चिकटत होती, तरी पुसत राहिली. "ही गेली तर बर्फावर पुढे मी नाही चालू शकणार," ती म्हणाली.

"ही नाही गेली तरी तू चालणार नाहीस," गिडियन म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

तिने मान हलवली. "एकोसी," ती म्हणाली. क्री भाषेत याचा अर्थ, झालं तर मग. तिने दांडा खडकावर दोनदा आपटून खोबणीतून सोडवला. दांडा तिच्या हातात राहिला, मी हॅल्वर्सनच्या. गिडियनच्या कमरेला कुऱ्हाड होती. तिच्या मागच्या बाजूने हॅल्वर्सनने मला ठोकलं. गोठलेल्या जमिनीत मी बोटाबोटाने उतरले. प्रत्येक घावाला माझी खोबण चेपत गेली. आता तिच्यात दांडा कधीच बसणार नाही, हे मला कळत होतं, आणि प्रत्येक घाव जेमायमा डोळे उघडे ठेवून बघत होती. चार बोटं वर राहिले तेव्हा ठोकणं थांबलं. हॅल्वर्सनने पिशवीतल्या सॅटेलाइट फोनवरून आकडे सांगितले. पाचाला सहा मिनिटं होती.

रात्र त्यांनी शेकोटीपाशी काढली. दुसऱ्या दिवशी धुकं फाटलं आणि हेलिकॉप्टरने त्यांना नेलं. मी राहिले. वसंतात कागद आला, टोक गावाचं झालं. उन्हाळ्यात नव्या मोजणीवाल्यांनी शेजारी पितळी टोपीचा चकचकीत खुंट बसवला आणि मला उपटायला निघाले. व्हर्नाने त्यांना उभ्या जागी असं झापलं की ते माझी माफी मागतील असं मला वाटलं. आता गावात पहिली वाट व्हर्ना पाडते, नव्या पहारीने. तिच्या शेजारी गिडियन असतो, आणि मागचे सगळे मोठमोठ्याने बोलत असतात. जेमायमा माझा दांडा टेकत काठावर उभी राहते. कानाला यंत्र लावलंय. लोक चेष्टा करतात की आता हिला गावातली सगळी भांडणं ऐकावी लागतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या पुढे चालणाऱ्या माणसाला दिसेनासं, ऐकू येईनासं झालं असेल, तर मान राखून गप्प बसू नका. चेष्टेने सांगा, रडून सांगा, पण सांगा. आणि माझं स्वतःचं एकच मागणं आहे. कधी रानात जमिनीतून चार बोटं वर आलेलं गंजकं लोखंड दिसलं, तर भंगार म्हणून त्याला हात घालू नका. मला तेल नको, धार नको, गंज चढतोय तो चढू दे. माझ्या एका अंगाला दलदल आहे. दुसऱ्या अंगाला अकरा माणसं झोपली आहेत, त्यातली एक दोन वर्षांची आहे. त्यांची जमीन माझ्यापासून सुरू होते. मला उपटू नका.